डब्बा, भोंगा अन् मी

१ ऑक्टोबर
वलगावच्या अलीकडं गाडी पुन्हा बंद! आठवड्यात तिसऱ्यांदा. मागं झेंडू. पुढं बाबा, आमचे डायव्हर श्रावणभाऊ, अन् मी. माया पायाजवळ गुलाबाचं ओलं पोतं. गुलाब नाजूक, म्हणून पुढं बसतात. मी कशाले बसते, मालूम नाई.
"पोतं पिळून ठेवत जाय," श्रावणभाऊ म्हणे. मी मान हालवली. मान हालवणं हेच आपलं खातं.
तासाभरानं गाडी आपोआप सुरू. तवरोक अमरावतीचा फूलबाजार उठला होता.

२ ऑक्टोबर
विपुल मिस्त्रीनं कम्प्युटर लावला. एकदा पंप दाखवे, एकदा सेन्सर. सेवटी म्हणे, "मेन डब्बाच गेला, काका. गाडीचा मेंदू."
बाबा श्रावणभाऊवर घसरले. "तुया भोंग्यानं जाळला! कोनं सांगतलं होतं वायरी कापून भोंगा लावाले?"
श्रावणभाऊ काईच बोलले नाई. भोंगा खोलला, चाबी ठेवली, गेले. दहा दिवसांवर दसरा, सारा झेंडू वावरात!

४ ऑक्टोबर
डब्बा घेऊन एसटीनं अकोला. बाबाले वावरातून सुटका नाई, म्हणून मी! जिले हजेरीत 'हजर' म्हणता ये नाई म्हणून नववीतून घरी बसली, तिले पाठवलं बोलाले! डब्बा लेकरावानी मांडीवर. बाजूची बाई म्हणे, "टिफिन हाय काय वं?" मान हालवली.
डब्बे दुरुस्त करणाऱ्या ललितभाऊनं टेबलावर वायरी जोडल्या. डब्बा ठणठणीत! मंग भिंगातून पाह्यलं. "पिनांवर हिरवं चढलं. पाणी लागते काय गाडीत?"
मी मान हालवली — नाई. आपली मान पयले हालते, डोकं मागून येते. त्यायनं पिना साफ करून डब्बा वापस देल्ला.
वापस येताना मूर्तिजापूरले डोकं पोचलं. डब्बा बसते कुठं? माया पायाजवळच्या पत्र्याआड. अन् तिथं रोज काय टपकते?
हाय राम! गाडीचा मेंदू मीच नासवला. बदल्यात माया द्यावा तं तो कोन घेईन?

५ ऑक्टोबर
जेवताना तीनदा तोंड उघडलं. तिन्हीदा भाकर घातली.

६ ऑक्टोबर
विपुलनं तोच डब्बा बसवला. गाडी सुरू!
"पाह्य, भोंगा गेला अन् गाडी चालली," बाबा म्हणे. श्रावणभाऊचं नाव कायमचं कापलं. दुसऱ्या डायव्हरले फोन लावाले मोबाईल काढला.
बोलता येत नाई तं करून दाखवाव! पोतं टाक्यात बुडवलं, नेलं, रोजच्या जागी ठेवलं. इंजिन चालूच होतं. बाबा म्हणे, "हे काय करून राहिली वं?" मी पोत्याकडं पाहून राहिली. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मीटरवरचा लाल दिवा लागला. गाडी गचकली — बंद!
विपुलनं पत्रा खोलला. डब्ब्याच्या जोडात पाणी. त्याले इतकं हसू आलं का खाली बसला.
बाबाले नाई आलं. "इथं पोतं रोज कोन ठेवते?"
"मी."
एकच अक्षर! झेंडूचं गोणं उचललं तरी येवढा दम लागत नाई.
बाबानं मोबाईल खिशात टाकला. मंग म्हणे, "पोतं मांगं झेंडूसंग. अन् श्रावणले तूच घेऊन ये. तूच बोल."

७ ऑक्टोबर
श्रावणभाऊ ओट्यावर भोंगा पुसून राहिले होते. रस्ताभर पाठ केलेलं सारं एका दमात बोलली.
ते म्हणे, "मले पयल्याच दिवशी समजलं होतं."
"मंग बोलले कावून नाई?" — हे मी विचारलं! मी!
"बोललो असतो तं तुया बापानं तुले गाडीत बसू देल्लं असतं काय?"
अन् मले वाटे, गावात गप राहणारी मी एकलीच.