जिनिंगच्या सर्व्हरमधली ती दुपार

११ फेब्रु. २००८
हिंगणघाटच्या कापूस जिनिंगमध्ये काल दुपारी मारामारी. गजानन नावाचा हमाल गेला. मॅनेजर देवतळे म्हणतात, गाठींच्या थप्पीवरून पडला. लोकांनी ऑफिस फोडलं, सर्व्हरवर लोखंडी सब्बल घातली म्हणे. कॅमेऱ्यांचं सगळं रेकॉर्डिंग त्यातच. त्यांचे कॉम्प्युटर मीच सांभाळतो, म्हणून इथून, पिपरीतल्या घरून, सर्व्हरला जोडून पाहिलं. चारपैकी दोन डिस्क गेल्या. एक गेली तर चालतं. दोन म्हणजे सगळंच गेलं.

१२ फेब्रु.
देवतळेंचा फोन. सगळं पुसा, नव्याने चढवा. बघतो म्हटलं.
तिथल्या कॉम्प्युटर ऑपरेटरला, वैशालीला, फोन लावला. हळू बोलत होती. सब्बल लोकांनी नाही, देवतळेंच्याच माणसाने मारली, तिने पाहिलं. एक डिस्क चेपलीय, दुसरी नुसती खाचेतून सरकलीय. मशीन बंद करून ती घट्ट बसव म्हटलं. फुटक्या काचांवर गुडघे टेकून बसवली तिने. इथून मला डिस्क दिसली! तिच्यावर काही न लिहिता तेवढ्या दुपारचं रेकॉर्डिंग इकडे ओढायला लावलंय. इंटरनेटची लाइन म्हणजे मुंगीची चाल.

१३ फेब्रु.
डाव्या हाताने लिहितोय.
सकाळी सगळं उतरलं. प्रत लगेच सिंदी मेघेला ताईकडे ठेवून आलो. तोवर तिकडे सर्व्हर बंद. देवतळेंना कळलं. त्यांनी वैशालीचं डोकं टेबलावर आपटलं. कपाळाला टाके. तिचा भाऊ तिला आर्वीला घेऊन गेला, त्यानेच फोनवर सांगितलं.
दुपारी देवतळेंची दोन माणसं माझ्या दारात. एकाने मान धरली, दुसऱ्याने माझा उजवा हात चौकटीत ठेवून दार लोटलं. दोन बोटं मोडली.
"रेकॉर्डिंग कुठी हाय?"
उतरलंच नाही म्हटलं. कॉम्प्युटर उचलून नेला.

१५ फेब्रु.
ताईकडे रेकॉर्डिंग पाहिलं.
आधी गजाननने देवतळेंच्या तोंडात मारली. ते खरं आहे. मग त्यांच्या दोन माणसांनी त्याला धरलं, देवतळेंनी लोखंडी सलाख घेतली. तो पडला. पडल्यावरही थांबले नाहीत. कितीतरी वेळ मारत होते.

१६ फेब्रु.
निरोप धाडला होता, गजाननची बायको मंदा ताईकडे आली. रेकॉर्डिंग घेऊन ठाण्यात सोबत येतो म्हटलं. आधी पाहायचंय का विचारलं, तर नको म्हणाली. मग म्हणाली, "पयले हात कोनं उचलला?"
सांगितलं.
पदराचं टोक पिळत बसली.
"पोलिसायले हे दाखवलं, तं त्यायले तेवढंच दिसन ना, भाऊ?"
विचार करून सांगते म्हणाली. फाटकापर्यंत गेली, परत आली, माझ्या हाताचं प्लास्टर पाहिलं, आणि निघाली.