खेचराच्या डोळ्यावरचा हात

मी, झुंबरबाई बळवंत शिपुगडे, वय वर्षे त्र्याहत्तर, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार शुक्रवार पेठ, कोल्हापूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हात थरथरतो, पण अक्षर अजून लागतं. मला कुणी धमकावलेलं नाही की फूस लावलेली नाही. यापूर्वी मी असं काही लिहून ठेवलेलं नाही, आणि सोमवारी हृदयाचं ऑपरेशन नसतं तर आजही लिहिलं नसतं.

साक्षीदार म्हणून दोघांना समोर बसवलं आहे. एक शेजारचे गादीवाले लालासाब नदाफ. दुसरा माझ्या कैलासवासी दादाचा मुलगा विजयसिंह खोराटे. प्रत्येक कलम लिहून झालं की मी ते मोठ्याने वाचून दाखवणार आहे. इथेच बसलेल्या वकील प्रियदर्शनीताईंनी मला बजावलं आहे की साक्षीदाराच्या नावावर मृत्युपत्रात काही ठेवू नये, पुढे भांडणाला जागा होते. लालासाबना हे मी आधीच सांगितलं होतं. ते म्हणाले, तुम्ही ऑपरेशन करून परत या म्हणजे झालं. विजयसिंहाला सांगितलं नव्हतं. तो पांढरेशुभ्र कपडे घालून, पेढे घेऊन आला. त्याला आत्ता, हे वाचताना कळलं. चहाचा कप त्याने खाली ठेवला आहे.

कलम १. माझं राहतं घर, खालच्या दोन खोल्या आणि वरची एक, माझ्या नणंदेची मुलगी तेजस्वी हिला मिळावं. तपासणीसाठी मला दवाखान्यात ठेवलं तेव्हा तीच उशाशी बसली होती, आणि आत्ताही ती इथेच बसली आहे. विजयसिंहही एकदा आला होता. सोबत फोटोग्राफर होता.

कलम २. बँकेतल्या पैशातून दवाखान्याचं बिल भागवावं. उरेल त्यातून माझ्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गाला दरवर्षी रंग आणि ब्रश द्यावेत. निरोप समारंभात मिळालेली चांदीचा मुलामा दिलेली सरस्वती मात्र शाळेला परत करावी. त्या दिवशी मुख्याध्यापकांनी भाषणात सांगितलं की बाईंना घरी बाहुल्या रंगवायचा नाद आहे, आणि सगळा हॉल हसला. मीही हसले होते. ते हसणं मला अजून टोचतं, म्हणून मूर्ती परत.

कलम ३. शिलाई मशीन लालासाबांच्या पत्नी खतिजाभाभी यांना द्यावं.

कलम ४. आता बाहुल्यांविषयी.

माझे पती बळवंतराव उद्यमनगरात फाउंड्रीत होते. लग्नानंतर पहिल्या दिवाळीत आम्ही अंगणात किल्ला केला. बाजारातले मातीचे शिपाई बघून मी म्हटलं, यांची तोंडं भाजल्या वांग्यासारखी आहेत. बळवंतरावांनी मेणाचा एक शिपाई कोरला, त्याचा साचा केला, कथील आणि शिसं वितळवून ओतलं आणि माझ्या हातात दोन इंचांचा माणूस ठेवला. म्हणाले, आता तोंड तू दे. तिथून पुढे आमच्या घरात रविवार म्हणजे तेच काम. ते ओतायचे, कानशीने घासायचे. मी अस्तर द्यायची, सुकलं की रंग, आणि सगळ्यात शेवटी तीन शून्याच्या, केसाएवढ्या बारीक ब्रशने डोळे. आम्हाला मूल झालं नाही. लोक त्याचा आणि याचा संबंध लावायचे. लावोत बापडे.

मला एक खोड आहे. जे दिसणार नाही तेही मी रंगवते. ओव्हरकोटाच्या आतला सदरा, खोगिराखालची पाठ. बळवंतराव चिडवायचे, "खोगीर काय उचलून बघणार हाय कोण?" मी म्हणायची, मला माहीत असतं ना.

वरच्या खोलीतल्या टेबलावर जे आहे ती आमची उभ्या जन्माची मेहनत आहे. दुसऱ्या महायुद्धातला इटलीतला एक डोंगर, हिवाळा, चिखलाची वाट, वर चढणारे आपल्याकडचे जवान आणि खेचरांची रांग. तोफगोळ्यांचा धूर लालासाबांच्या दुकानातल्या कापसाचा आहे.

कलम ५. त्या रांगेतलं शेवटचं खेचर आणि त्याच्याशेजारी उभा असलेला माणूस यांच्यासाठी मी हा सगळा कागद काळा करते आहे. तो माणूस माझे वडील, आकाराम खोराटे, गडहिंग्लजजवळच्या आमच्या गावचे.

आबा लढाईत खेचरं हाकायचे. वर दारूगोळा आणि भाकरी न्यायचे, खाली जखमी आणायचे. परत आल्यावर गावाने त्यांना खेचऱ्या आकाराम म्हणायला सुरुवात केली. दादाला त्याची फार लाज वाटायची. तो शाळेत सांगायचा की आमच्या आबांनी मशीनगन चालवली. पुढे त्याने तेच आपल्या मुलाला सांगितलं. विजयसिंह खोटं बोलतो असं मी म्हणत नाही. त्याला जे मिळालं तेच तो वाटत सुटला आहे.

मी दहावीत असताना दिवाळीत कुणीतरी गोठ्याजवळ फटाक्यांची माळ लावली. आमचा बैल दावं तोडायच्या बेतात होता. आबांनी त्याचं डोकं छातीशी दाबलं, दुसऱ्या बाजूच्या डोळ्यावर तळहात ठेवला, आणि माळ संपेपर्यंत हलले नाहीत. मग माझ्याकडे न बघताच बोलले. जन्मात लढाईबद्दल एवढंच बोलले.

"डोंगरावर गोळं पडाय लागलं की समदी आडोशाला पळाली. माजं खेचर जाग्यावरनं हालंना. पाठीवर भाकरी हुती वरच्या पोरांची. म्या त्येचं डोळं झाकलं आन् तसाच हुभा ऱ्हायलो. माजं डोळं झाकाय कोण हुतं?"

मी त्यांना तसंच केलं आहे. खेचराचं डोकं छातीशी, उजवा तळहात त्याच्या डोळ्यावर, आणि आबांचे स्वतःचे डोळे उघडे. त्या दोन डोळ्यांना मला एक अख्खा पावसाळा लागला.

कलम ६. गावात कमानीजवळ स्मारक होतं आहे. समितीचा अध्यक्ष विजयसिंह. येत्या निवडणुकीत तो उभा राहणार आहे हेही सगळ्यांना ठाऊक आहे. आबांचा पुतळा बसवायचा ठरला आणि नमुना म्हणून समितीने मी रंगवलेली मूर्ती मागितली. मला आनंद झाला, तो मी लपवत नाही. मग कळलं की पुतळ्याच्या हातात बंदूक हवी आहे. विजयसिंह मला समजावत होता की आबांनी मशीनगनही चालवली होतीच, नुसत्या खेचर हाकणाऱ्याच्या पुतळ्याला कोण हार घालणार. मी नाही म्हटलं. तरी उद्या रविवारी मूर्तिकार मापं घ्यायला येतो आहे.

मी दवाखान्यात असताना घराची किल्ली विजयसिंहाकडे होती. घरी आल्यावर जिना चढायला मनाई असतानाही मी वर गेले. आबांचा उजवा हात मनगटापासून कापलेला होता. शेजारच्या पहारेकऱ्याच्या हातातली बंदूक काढून टेबलावर ठेवलेली होती. चिकटवायला वेळ पुरला नसावा. मी हात शोधला, तो काडेपेटीत घालून ठेवलेला सापडला. मी खाली आले आणि कुणालाही काही बोलले नाही. ऑपरेशनची मला भीती वाटत नव्हती. त्या दिवसापासून मात्र वाटते, कारण मी ऑपरेशनच्या टेबलावर पडले असताना इथे काय होईल ते मला आता कळलं आहे.

हे कलम मी विजयसिंहाच्या तोंडासमोर वाचलं.

कलम ७. म्हणून मी असं ठरवते की माझ्या मृत्यूनंतर, किंवा सोमवारी मी शुद्धीवर आले नाही तर लगेच, तेजस्वीने वरच्या टेबलावरचं सगळं सैन्य, माणसं, खेचरं, सगळं, बळवंतरावांच्या कढईत घालून वितळवावं आणि त्याची लगड भंगारात द्यावी. आबांची मूर्ती सगळ्यात आधी, आणि ती आज संध्याकाळीच, माझ्या डोळ्यांदेखत. शिसं लवकर वितळतं. बंदूकवाले आबा जगात राहण्यापेक्षा आबा नसलेले बरे. हे मी रागाने लिहीत आहे, पण रागातही मी शुद्धीवरच असते.

इथे लिहिणं थांबलं. प्रियदर्शनीताई म्हणतात, असल्या गोष्टी मृत्युपत्रात लिहायच्या नसतात. कागद माझा आहे, मी लिहिते.

सातवं कलम मी वाचून दाखवलं. लालासाब म्हणाले, "बाई, ह्ये न्हाई करायचं. माझा कापूस तेवढा काढून घ्या आन् मग बोला." मी म्हटलं, कापूसही जाळा. मी सहीसाठी पेन उचललं आणि तेजस्वीला गॅसवर कढई ठेवायला सांगितली. ती उठली. तिने कढई ठेवली. तेव्हा विजयसिंह बोलला.

"आत्ती, येळ हुता मला. सांजचा सगळा येळ हुता."

मी म्हटलं, मग चिकटवायची होतीस बंदूक.

"हात काढल्यावर खाली डोळा दिसला. खेचराचा. येवढा मोठ्ठा, पांढरा झालेला, भ्यालेला. रंगवलेला." तो म्हणाला, "हाताखाली त्यो कुणाला दिसणार हुता गं?"

मी म्हटलं, आबांना माहीत होता.

तो रडला नाही, खोटं कशाला लिहू. त्याने नुसतं सांगितलं की त्या डोळ्याकडे बघत तो अंधार पडेपर्यंत बसून राहिला, आणि उघडा डोळा तसाच ठेवून बंदूक चिकटवायची त्याला हिंमत झाली नाही. मशीनगनबद्दल त्याचे वडील खोटं बोलत होते हे त्याला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि ते कुणाला सांगायचं हे कळेना. हात कचऱ्यात जाऊ नये म्हणून काडेपेटी त्यानेच रिकामी केली होती. उद्या समितीला काय सांगणार असं मी विचारलं. तो म्हणाला, "हाय तसं सांगतो. मतं जाऊ देत की काय जायाची ती." ही शेवटची गोष्ट किती टिकेल याची मला खात्री नाही. पण मी गॅस बंद करायला सांगितला.

वरील कलम ७ मी माझ्या हाताने खोडत आहे. त्याऐवजी असं वाचावं.

वरच्या खोलीतलं सगळं सैन्य, बळवंतरावांचे साचे आणि माझे ब्रश विजयसिंह खोराटे याला मिळावेत. घर नाही. ते तेजस्वीचंच राहील. आबांचा कापलेला हात जिथला तिथे बसवावा. मूर्तिकाराला ती मूर्ती खेचरासकट दाखवावी. एवढं करून समितीने बंदूकवालाच पुतळा उभा केला, तर करोत, पण त्याखाली आकाराम खोराटे हे नाव घालू नये, अशी त्यांची मुलगी म्हणून माझी लेखी हरकत आहे. पहारेकऱ्याला त्याची बंदूक परत द्यावी. त्या बिचाऱ्याचा यात काही संबंध नव्हता.

आता विजयसिंहाला वाटा मिळाल्यामुळे तो साक्षीदार राहू शकत नाही. त्याच्या जागी खतिजाभाभींना बोलावलं. मग ध्यानात आलं की तिसऱ्या कलमात त्यांना मशीन ठेवलं आहे. त्या म्हणाल्या, "त्ये कलम खोडा. मशीन मी आत्ताच उचलून नेतो, तुमी मरायची वाट कशाला बघू?" म्हणून कलम ३ खोडलं आहे, आणि मशीन लालासाबांनी त्यांच्या घरी नेऊन ठेवलं आहे.

इतकं लिहून, पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचून, खाडाखोडीवर जागोजागी सही करून मी हे मृत्युपत्र पुरं करत आहे. लिहिण्यात राग आहे तिथे तो माझाच आहे.

ठिकाण: शुक्रवार पेठ, कोल्हापूर
दिनांक: ८ नोव्हेंबर २०२५

लिहून देणार: (सही) झुंबरबाई बळवंत शिपुगडे

आमच्यासमक्ष सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमक्ष केली:

साक्षीदार १: (सही) लालासाब बाबू नदाफ

साक्षीदार २: ~~विजयसिंह खोराटे~~ (नाव खोडलं, झुं. ब. शि.)

साक्षीदार २: (सही) खतिजा लालासाब नदाफ

टीप: खाडाखोडीखाली विजयसिंहाचीही सही घ्यावी असं प्रियदर्शनीताईंनी सुचवलं होतं. ती घेतलेली नाही. माझा हात थरथरतो म्हणून आबांचा हात त्यालाच बसवायला सांगितला आहे. गोंद घट्ट होईपर्यंत तो खेचराच्या डोळ्यावर बोट दाबून बसला आहे, आणि त्याला उठवायचं नाही असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.