मारुतीच्या फळीवरची जागा

खानापूर, ४ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
हरीचा सा. नमस्कार वि. वि.

तुझं पत्र मिळालं. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एका परीनं बरंच. त्या निमित्तानं पोस्टमन अजून माझ्या दारात थांबतो.

मारुतीच्या वर्षश्राद्धाला आपल्या शाळेतल्या विज्ञानाच्या खोलीला त्याचं नाव देणार आणि त्याच्याविषयी मी बोलायचं, असं तू लिहितेस. आक्का, मी बोलणार नाही. दुसरं कुणी बघ.

तुझ्यापासून काय लपवायचं? मावशी गेल्यावर तो आपल्या घरी राहायला आला, तेव्हापासून मी त्याच्यावर जळत आलोय. शाळेत समुद्राची कविता म्हणावी तर मी. तो तिसऱ्याच ओळीला अडखळायचा. पण नौदलात गेला तो! विमानवाहू जहाजावर विमानं दुरुस्त केली, नोकरीत शिकून इंजिनिअर झाला, पुढं बेंगळूरला विमान कारखान्यात साहेब. मी जन्मभर पोरांना लाटा, गलबतं, क्षितिजं शिकवली, आणि खिडकीबाहेर भाताची शेतं. गोव्याला जाऊन पाय भिजवून आलो मीही. पण जिथून किनाराच दिसत नाही तो समुद्र वेगळा. एकदा त्याला विचारलं, कसा असतो रे? तर म्हणाला, पाणी असतंय, लई खारट. एवढा समुद्र असल्या माणसाला दाखवला!

आणि तो सुट्टीवर आला की तू निपाणीहून धावत यायचीस. मी काय, रोजचाच.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा हरी

निपाणी, ११ जानेवारी २०२५

चि. हरीस,
राजाक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सून वाचत होती नि हसत होती. माणूस जाऊन वरीस होत आलं, आता तरी जळू नकोस रं. मी त्याचे लाड केले म्हणतोस. व्हय, केले. तुला आई होती, त्याला न्हवती.

सरोजिनी परवा येऊन गेली. मच्छे गावातल्या घरामागची मारुतीची कामाची खोली अजून तशीच हाय म्हणाली. नवऱ्याच्या एका पान्यालाबी तिनं हात लावलेला न्हाय. एकदा जाऊन बघून ये. मग बोलायचं नसंल तर नको बोलूस, मी परत म्हणणार न्हाय. तिथं कविता म्हणत मातूर बसू नको, तिचं डोकं दुखतंय.

जपून राहा, आणि थोरल्या भणीचं ऐकत जा.
राजाक्का

खानापूर, १९ जानेवारी २०२५

ती. आक्कास,
सा. नमस्कार वि. वि.

मच्छ्याला जाऊन आलो. कविता म्हटली नाही.

खोलीत भिंतीभर फळी आहे. तिच्यावर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली आणि त्या आकृतीवर ते हत्यार. सरोजिनीवहिनींनी समजावलं, एखादा पाना विमानात राहून गेला तर विमान पडू शकतं. म्हणून हत्यार घेतलं की त्या जागी घेणाऱ्याच्या नावाचा बिल्ला अडकवायचा आणि ते परत येईपर्यंत विमान सोडायचं नाही. नौदल सुटलं, ही सवय सुटली नाही. वहिनींना कात्री लागली तरी बिल्ला!

एकच जागा रिकामी होती, पकडीची. तिथं पत्र्याचा बिल्ला, आणि त्याच्यावर मारुतीच्या वाकड्या अक्षरात ‘हरी’.

ती पक्कड माझ्या स्वयंपाकघरात आहे गं. आमची मालती गेली आणि चूल माझ्या गळ्यात पडली तेव्हा तो आला होता. माझी भाजलेली बोटं बघितली आणि पिशवीतून काढून दिली. तेव्हापासून चहाचं पातेलं मी तिनंच उतरवतो. वहिनी म्हणाल्या, त्यानं नवी पक्कड आणली, पण खणात ठेवली. ती जागा हरीची आहे म्हणायचा. खोली बंद करताना त्या बिल्ल्याकडं बघायचा.

वहिनी चहा करायला गेल्या तेव्हा मी सगळी फळी पुन्हा तपासली. दुसऱ्या कुणाचा बिल्ला नाही. तुझाही नाही, आक्का. राग मानू नकोस.

ही फळी आता शाळेच्या खोलीत लागणार. पक्कड आणून द्या म्हणजे फळी पुरी होईल, असं वहिनी म्हणाल्या. मी हो म्हणालो. घरी येऊन ती घासूनपुसून पिशवीत भरली, आणि मग लक्षात आलं, ती लागली की माझा बिल्ला निघणार.

मी येतो. बोलतोही. त्या फळीजवळच उभा राहीन. वहिनींनी पकडीचं विचारलं तर तेवढं सांग, हरीला सापडत नाही.

त्याच्या लाडातून उरलं असेल ते मला राहू दे.
तुझा हरी