युसूफ कोणाच्या बाजूचा

२८ ऑगस्ट २०१३, बुध.
कॉलेजच्या वादविवादाचा विषय ठरला: सीरियातल्या यादवीत बाहेरच्या फौजांनी उतरावं की नाही. आमच्या हैदराबादेतल्या जामबागच्या पोरांना सीरिया नकाशात दाखवता यायचा नाही, पण टीव्हीवर आठवडाभर तेच चाललंय. मीच बोलून बसले, "आमच्या वरच्या खोलीत सीरियाचाच मुलगा राहतो, युसूफ. पीएच.डी. करतोय. पाहुणा म्हणून आणते." प्रिन्सिपॉल खूश.
घरी नवऱ्याला सांगितलं तर सुधाकर ताटावरच थांबला. "तू किती ओळखतेस गं त्याला? गच्चीत फोनवर बोलत असतो, आपण गेलो की गप्प."
खरंय. मीही पाहिलंय.

३० ऑगस्ट, शुक्र.
राज्य तुटणार हे ठरल्यापासून स्टाफरूममध्ये टेबलंसुद्धा वाटली गेलीत. तेलंगणवाले खिडकीशी, आंध्रवाले कपाटाशी. कुणी काही बोललं की आधी बघायचं, कोण ऐकतंय. मला विचारतात, "मॅडम, आप किधर के?" नांदेडकडची म्हटलं की दोघांचंही समाधान होत नाही.
दुपारी घरी आले तर फाटकाशी एक उंच माणूस. साफ इंग्रजी. युसूफचा मित्र म्हणे, त्याच्याच देशाचा. युसूफ किती वाजता येतो, भेटायला कोण येतं, घरी फोन करतो का. सगळं सांगितलं मी. वर चहासुद्धा पाजला!
युसूफ आल्यावर त्याला म्हटलं, तुझा मित्र येऊन गेला. चेहरा पडला. "मेरा ऐसा कोई दोस्त नहीं, मॅडम."
सुधाकर म्हणतो, दोघांतला एक खोटं बोलतोय.

१ सप्टें., रवि.
आमचे सासरे, आबा, गच्चीत शेंगा सोलत, युसूफ शेजारी. सुधाकरचा संशयी स्वभाव आबांकडून आलेला, पण या पोरावर मात्र त्यांचा जीव. अठ्ठेचाळीस सालचं सांगत होते. तेव्हा दहा वर्षांचे, निजामाच्या रझाकारांच्या धास्तीनं ज्वारीत लपलेले. "हिंद की फौज आयी तो हम लोगां नाचे." मग एक शेंग फोडून, "आठ दिन बाद रहीमचाचा का घर खाली. मेरे कू पाटी-पेन्सिल उनोच दिए थे."
युसूफनं विचारलं, "फिर फौज आनी चाहिए थी कि नहीं?"
आबा टरफलं गोळा करत राहिले. "आनाच था," म्हणाले. "मगर मेरे कू नक्को पूछ."
इतक्या वर्षांत रहीमचाचाचं नाव आमच्यापुढं कधी काढलं नव्हतं.

४ सप्टें., बुध.
युसूफ बोलायला नाही म्हणाला. आई आणि बहीण तिकडं अडकल्यात. इथं बोललेलं तिकडं पोचतं म्हणे.
आधी राग आला. प्रिन्सिपॉलना आता काय सांगू? मग मनात आलं, याची स्कॉलरशिप तर तिथल्या सरकारचीच. मग हा भितो कुणाला? विचारलं सरळ, "तू किसकी तरफ है?"
"मॅडम, आप भी?"
लाज वाटली. संशय गेला असं मात्र नाही.

६ सप्टें., शुक्र.
आज वादविवाद झाला.
पोरं छान बोलली. फौज पाठवा म्हणणाऱ्या मुलीला टाळ्या जास्त. शेवटच्या रांगेत तो उंच माणूस, मोबाइल उभा धरून शूटिंग करत. आत कुणी सोडला? आणि दाराशी युसूफ! नाही म्हणूनही आलाच, नुसतं ऐकायला. तेवढ्यात एक पोरगा उठला, "सीरियाचे सर आलेत, त्यांना बोलू द्या!" सगळ्यांची तोंडं मागं. मोबाइलचंही.
मी स्टेजवरून उतरून चालत गेले आणि त्या मोबाइलसमोर उभी राहिले. "बंद करा." तो हसला. "मॅडम, आय हॅड टी इन युवर हाउस." तोवर युसूफ बाहेर पडला होता. मत न घेताच सभा संपवली. प्रिन्सिपॉल भडकले.
युसूफबद्दल पोराला कुणी सांगितलं? स्टाफरूममध्ये मीच तर...

७ सप्टें., शनि.
सुधाकर स्वतःच वर गेला, तासभर बसला. खाली येऊन म्हणाला, "पोरगा सरळ आहे." कशावरून? सांगेना.

११ सप्टें., बुध.
अमेरिकेनं सीरियावरचा हल्ला पुढं ढकलला, बातम्यांत सांगितलं. बरं झालं की वाईट, कुणी युसूफला विचारलं नाही. शुक्रवारपासून आईचा फोन लागत नाही त्याचा. लाईन गेली असेल, आम्ही म्हणतो. तोही म्हणतो.
संध्याकाळी खाली आला. त्याचा नंबर तिकडं माहीत असेल, माझ्या मोबाइलवरून लावू का, विचारलं. दिला. सुधाकर नको म्हणाला नाही. मीही क्षणभर थांबले होते, ते युसूफनं पाहिलं.
रिंग गेली. उचलला. पुरुषाचा आवाज, मलाही ऐकू आला. युसूफनं लगेच कट केला.
"घर में कोई मर्द नहीं है," म्हणाला.
दहा मिनिटांत त्याच नंबरवरून मला फोन आला. टेबलावर वाजतोय. आबा धरून आम्ही चौघं मोबाइलकडं बघत बसलोय.