मागच्या दारचा ओटा

प्रिय भिंगरी,

फोनवर तुझी आई मला मधे तोंड घालू देत नाही, म्हणून हे पत्र. बातमी अशी, की आपल्या मागच्या दारी लाकडी ओटा झालाय. ऐसपैस, स्वयंपाकघराच्या दाराला लागून, कठड्यासकट. आणि तो कायदेशीर आहे! हे मी सध्या येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो.

मला वाटलं होतं, माझं घर, माझं अंगण, त्यात परवानगी कसली? पण सुतारकाकांनी हात वर केले. "कागद आणा, मग करवत काढतो," म्हणाले. मागे कुणाचा तरी ओटा त्यांनी बिनपरवान्याचा बांधला आणि त्यांनाच तो उखडावा लागला, तेव्हापासून त्यांनी कानाला खडा लावलाय.

मग मी नकाशा काढायला बसलो, जेवणाच्या टेबलावर. त्या पसाऱ्यापायी आई ताट मांडीवर घेऊन जेवत होती. बांधकाम खात्यातल्या बाईंनी माझी कलाकृती आधी उलटी धरली, मग सुलटी धरली आणि विचारलं, "काका, हे जहाज आहे का?" कठड्याची उंची लिहिलेली नाही, खांबांचा पाया दाखवलेला नाही, कुंपणापासूनचं अंतर तर मी विसरलोच होतो. बाई मात्र भल्या. सगळं नीट समजावून सांगितलं. घरी येऊन आईला जहाजाचं सांगितलं, तर हसता हसता तिला ठसका लागला.

नकाशा सुधारून पुन्हा गेलो, तर घोडं भलतीकडेच अडलं. ओट्यावरून अंगणात उतरायला मी पायऱ्या दाखवल्याच नव्हत्या. लांबलचक उतार दाखवला होता आणि तो थेट कुंपणाला भिडत होता. "उतार उभा करा, आखूड होईल. नाहीतर सरळ पायऱ्या करा, लगेच मंजूर करते," बाई म्हणाल्या. मी हटून बसलो. तेवढं सोडून काहीही सांगा, म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, तर मला सांगताच येईना. नकाशा गुंडाळला आणि घरी आलो.

मार्ग काढला तो तुझ्या आईनं. चहा ढवळता ढवळता म्हणाली, "सरळच कशाला जायला हवा? कोपऱ्यातून वळवा की." कोपऱ्यात तिचे गुलाब होते, मी आठवण करून दिली. "गुलाब हलवता येतात," म्हणाली आणि चपला घालून कुदळ शोधायला गेली. त्यातले दोन अजून रुसून बसलेत, बाकीचे पुढच्या दारी जोमात आहेत.

मग आम्ही दोघं मिळून गेलो. उताराचं कारण आईनंच सांगितलं, दुकानात साखर मागावी इतक्या सहज. बाईंनी नकाशा पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्यांनीच पेन्सिल घेऊन वळणावरची सपाट जागा थोडी वाढवली. "इथं खुर्ची फिरवायला जागा लागेल," म्हणाल्या आणि शिक्का मारला.

काम झाल्यावर त्यांचा इंजिनिअर येऊन, कठडा हलवून, फळ्यांवर उड्या मारून पास करून गेला. पण माझं समाधान होईना. दवाखान्यातून चाकांची खुर्ची मागून आणली आणि स्वतः बसलो. आधी भिंतीवर आपटलो. आईनं सूचना देणं बंद केल्यावर मात्र थेट फ्रिजपर्यंत पोचलो! दंड असे भरून आले की विचारू नकोस. तू हे रोज करतेस. मानलं तुला.

गेल्या खेपेला तू आलीस, तेव्हा मामानं आणि मी तुला खुर्चीसकट पुढच्या पायऱ्यांवरून उचलून आत आणलं. तू विनोद करत होतीस, आम्ही हसत होतो. पण खुर्चीच्या दांड्यांवर आवळलेल्या तुझ्या मुठी मी पाहिल्या. त्यानंतर दर सुट्टीला तुझं काही ना काही काम निघतं. आम्ही विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. फोनवर मला बोलायला जमलं नसतं, म्हणून लिहितोय. मागच्या दाराला आता एकही पायरी नाही. तुला घ्यायला कुणी दारात उभं राहणार नाही, कुणी हात पुढे करणार नाही. दार नुसतं लोटलेलं असेल. तुझं तू ढकल आणि आत ये. आमचा कंटाळा आला, तर कुणाला न विचारता बाहेरही पड.

तुझाच,
बाबा