मेंढरं धुवायच्या डोहावर

आत्या,

काल भिगवणच्या बाजारात एका माणसानं टोपलीतला शिंगाडा मासा उचलून मला दाखवला. त्याच्या ओठात गळ तसाच अडकलेला होता, तंगुसाच्या तुटक्या नायलॉन दोऱ्यासकट. माणूस भाव सांगत होता आणि इकडं माझं उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप आत वळलं, जसा काही अजून त्याच्यावरून दोरा गेला आहे. मी मासा न घेताच परत आले. घरी कुणाला सांगावं? ज्यांना हे कळलं असतं त्या एकट्या तुम्ही, आणि तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. म्हणून सकाळचं आवरून लिहायला बसले आहे.

मी पणदऱ्याची. आमच्याकडं पाणी म्हणजे कालव्याचं, उसाच्या सरीतून पळणारं, फार तर गुडघ्याएवढं. वडील माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नसे. लग्न होऊन तुमच्याकडं, डाळजच्या खालच्या अंगाला धरणाच्या काठी आले, तेव्हा दारातून दिसणाऱ्या त्या पाण्याकडं पाठ करून बसायची. एवढं पाणी, आणि ते कुठं जात नाही, नुसतं पडून आहे. तुम्ही सून म्हणून आलात तेव्हा तिथं नदी होती, काठाला गाळाची मळई होती आणि घरात मेंढरं होती. मग धरण भरलं, मेंढरं विकली, वर माळाला जमीन मिळाली. तुम्ही शेजारच्या भोईणीकडून मासे धरायला शिकलात. मेंढरामागं चालणाऱ्या घरातली बाई होडीत बसते म्हणून लोक हसले म्हणे. तुम्ही त्यांनाच मासे विकलेत.

मला मात्र तो वास सहन होत नसे. पहिल्या हिवाळ्यात मी ताट घेऊन गोठ्याच्या कडेला जाऊन बसायची आणि चटणीभाकरी खायची. वाटलं होतं, आता सासू म्हणून तुम्ही बोलणार. एक दिवस बघते तर परड्यात तीन दगड मांडून तुम्ही वेगळी चूल केलेली. वेगळी कढई, वेगळं उलथनं. धुरानं डोळे चोळत तुम्ही बाहेर मासे तळताय आणि मी आत, तुमच्या स्वयंपाकघरात, मोकळी बसून जेवते आहे. तुमचा लेक म्हणाला, "आई, तू का बाहेर?" तुम्ही म्हणालात, "हितं वारं चांगलं हाय."

दुसऱ्या वर्षी बारामतीच्या दवाखान्यात माझी मुलगी जन्मली. सकाळी आली आणि दिवस मावळायच्या आत गेली. घरी आले तेव्हा छाती दुधानं भरलेली, आणि बायका रांगेनं येऊन सांगून जायच्या की पुढच्या वेळी मुलगा होईल, मुलगी होती, जाऊ दे. मी बोलणं सोडलं. रडतही नव्हते. भिंतीकडं तोंड करून पडून असायची. तुमचा लेक उसाच्या ट्रॅक्टरवर होता, रात्री यायचा, उशाशी बसून राहायचा. एका बाईला तुम्ही उंबऱ्यावरूनच परत पाठवलंत ते मला ऐकू आलं होतं. "तिला निजू दे. आन् जाऊ दे बिऊ दे असलं काय म्हनायला यायचं न्हाय माझ्या दारात."

चैत्र होता. पाणी खाली उतरलं होतं, काठाचा गाळ तडकला होता. तुम्ही सकाळी येऊन माझं पांघरूण ओढलंत.

"ऊठ. पान्यावर जायचं हाय."

"मला नको आत्या. भ्या वाटतं मला."

"वाटू दे. घरात पडून तरी दुसरं काय वाटतंय तुला?"

पत्र्याची ती होडी. मी दोन्ही हातांनी कड धरून, डोळे मिटून बसलेली. तुम्ही वल्हवताय आणि बोलताय, माझ्याशी की पाण्याशी ते कळत नाही. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, मग मोठा मासा काठ सोडतो आणि खाली जुन्या नदीत जाऊन बसतो, तिथं गारवा असतो. "आपली मेंढरं लोकर कातरायच्या आदी ज्या डोहात धुवायची, त्यो डोह हितं खाली हाय. पान्याखाली गेला म्हनून काय झालं? डोह त्यो डोहच." वाकडी बाभळ आणि तिच्यामागं माळावरची टाकी एका रेषेत आली की वल्हं थांबवायचं. दुसऱ्या बाजूला खडकाचं टोक आणि देऊळ जुळवायचं. दोन्ही जुळलं की होडी थोपवायला दोरीचा धोंडा सोडायचा.

मग तुम्ही दोरा सोडलात. गळाला गांडूळ, वर शिशाचा गोळा, आणि दोरा दोन्ही हात पसरून वाव वाव मोजत खाली, खाली, अजून खाली. मला वाटलं हा संपायचाच नाही. "शिसं टेकलं की दोरा मऊ पडतो. बघ." तुम्ही तो माझ्या बोटावर ठेवलात. खरंच मऊ पडला. "आता हातभर वर घे. आन् गप बस. पान्याकडं बघू नकु, बोटाकडं ध्यान दे." माझं बोट तंगुसानं कापू नये म्हणून तुम्ही सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून, शिवून, माझ्या बोटाच्या मापाची टोपी करून आणली होती. मी झोपेत असताना माप घेतलं असणार, कारण मला आठवत नाही.

त्या दिवशी काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी गेलो, तिसऱ्या दिवशीही. एकदा दोरा थरथरला आणि मी घाईनं खेचला, गळ रिकामा वर आला. तुम्ही केवढ्यांदा ओरडलात! "अगं, त्याला तोंड तर लावू दे! पयला झटका म्हंजी निस्ता वास घेतोय त्यो. दोरा चालाया लागला की मग वड." मला राग आला. किती दिवसांनी मला काहीतरी आलं होतं, राग तर राग. परत येताना मी एवढंच विचारलं, "आपण रोज असा वळसा घालून का येतो? त्या अंगानं सरळ जवळ पडेल की." तुम्ही म्हणालात, "तिकडनं न्हाय जायचं," आणि वल्हवत राहिलात.

मग तो दिवस. ऊन वर आलंय, पाणी काचेसारखं. माझ्या बोटावर एक हलका ठोका पडतो. मी थांबते. तुम्ही माझ्या तोंडाकडं बघताय. दोरा सावकाश, अगदी सावकाश, बाजूला चालू लागतो. "वड!" मी झटका देते आणि खालून असं काही ओढतं की मी होडीच्या कडेवर आपटते.

"घ्या, तुम्ही घ्या आत्या!"

"तुझ्या बोटाला लागलाय. तूच आन." आणि तुम्ही दुसऱ्या कडेला सरकून होडी तोलून धरलीत. "वढला तर दे. थांबला तर घे. भांडू नकु त्याच्याशी."

मी देते, घेते. हात भरून येतात. मासा निम्म्यात येतो, मला वाटतं आता आलाच, तर तुम्ही म्हणता, "आता उजेड दिसंल त्याला. परत मुंडी घालनार बघ. तवा धरून ठिवलास तर तुटला." आणि तसंच होतं. सगळा दोरा सळसळत पुन्हा खाली निघतो आणि मी ओरडायला लागते. माशाला ओरडते, तुम्हाला, दवाखान्याला, देवाला. त्या बायकांनाही, रांगेनं आलेल्या. काय काय बोलले ते आठवत नाही. रडत होते, शेंबूड पुसायला हात मोकळा नव्हता, आणि दोरा देत होते, घेत होते. तुम्ही होडी तोलत राहिलात. शेवटी माझ्या हाताएवढा लांब शिंगाडा वर आला, मिशा हलवत. तुम्ही त्याच्या काट्याला चुकवून कल्ल्यात बोटं घातलीत आणि त्याला ओल्या पोत्यात घेतलंत.

पोत्यातली धडपड थांबली. मी म्हणाले, "तिची बोटं लांब होती, आत्या."

"व्हय. धरली हुती की मी."

घरातल्या कुणीही तोवर ती होती असं म्हटलं नव्हतं. तुम्ही पाण्यात हात धुतलेत, पदराला पुसलेत आणि ज्या बाजूनं आपण कधी जात नव्हतो तिकडं हनुवटी केलीत. "माझा एक तितं हाय. तुझ्या नवऱ्याच्या आदीचा. काठाला पुरला हुता, उंबराखाली. धरनाचं पानी आलं तवा समदी रडत हुती जमिनीपायी. मी म्हनलं, चला, आता त्याला ऊन तरी लागनार न्हाय." तुम्ही वल्हं हातात घेतलंत. "वरनं होडी न्हेऊ नये वाटतं. निजलंय म्हनून."

घरी येऊन तो शिंगाडा मी कापला, आत, चुलीवर. तुम्ही मसाला सांगत उंबऱ्यात बसला होतात. तुमचा लेक आला आणि दारातच उभा राहिला, बायको मासा रांधते आहे आणि सासूला विचारते आहे मीठ किती. मी खाल्ला नाही त्या दिवशी. खाल्ला तो पुढं, थोरलीच्या वेळी डोहाळ्यात, आणि तुम्ही त्यासाठी भर दुपारी डोहावर गेलात.

थोरली आता बारामतीला शिकवते. धाकटी पुण्यात असते. तुम्ही थोरलीला खांद्यावर घेऊन काठानं फिरायचात, तिला ते आठवत नाही, मी सांगते तेवढंच. ती पाच वर्षांची असताना साध्या तापाचं निमित्त झालं आणि तुम्ही गेलात. त्यानंतर मी एकदाच होडी घेऊन गेले होते, तुमच्या दिवसांनंतर. वळसा घालून गेले. धोंडा सोडला, दोरा सोडला नाही. बसून आले.

हे सगळं लिहिलं खरं, पण तुम्हाला वाचता येत नव्हतं. घरी येणारी पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायची, तुम्ही गहू निवडत ऐकायचात. तेव्हा तुम्ही असता तरी हेही मलाच वाचावं लागलं असतं, तुमच्यासमोर बसून. आणि खरं सांगते आत्या, मला ते जमलं नसतं. मी हे सगळं गाळलं असतं आणि कागदाकडं बघत म्हणाले असते, काही विशेष नाही, म्हैस व्याली आहे आणि सगळे खुशाल आहेत.