डबा अर्धाच होता

चि. कमळू यास थोरल्या बहिणीचे, तुझ्या बायचे, आशीर्वाद. मुरबाडला सगळी खुशाल असतील, छोट्या मनस्वीचा खोकला थांबला असेल. (तुझी चौकशी करत नाही. तू ठणठणीत आहेस हे रविवारी भाकऱ्यांची चळत संपली तेव्हाच कळलं.)

सोमवारी सकाळी गोठा झाडला, चूल पेटवली, चहाच्या पाण्यासाठी विहिरीवर गेले, तर पाण्यावर मोरपिसाचे रंग. डोळे पुसले, रंग तिथेच. मागून शेजारची धोंडूबाई ओरडली, "वयनी, पान्यात इंद्रधनुष्य आलाय गो!" सुकट बांधून आलेल्या वर्तमानपत्रात मी वाचलं होतं, समुद्रात जहाजातलं तेल सांडलं की तवंग पसरतो आणि तो काढायला बोटी धावतात. इथे धोंडूबाई धावली, मोबाईल आणायला.

मला संशय आला गोजरभाऊंचा, कारण त्यांचा ट्रॅक्टर विहिरीशेजारी उभा असतो. मी बांधावरून त्यांना नको नको ते बोलले. ते म्हणाले, "वयनी, मी ट्रॅक्टर धुतलेला तुमी कवा बघितलाय?" (खरं आहे. पावसाळ्यात त्यावर गवत उगवलं होतं.) तरी मी ऐकलं नाही. तुला फोन लावला, म्हटलं, विहिरीत कुणीतरी तेल सांडलंय. तर तू म्हणालास, "बाय, डबा अर्धाच होता."

अरे, मी डब्याचं नाव तरी काढलं होतं का? रविवारी पंपाचं इंजिन दुरुस्त करायला आलास, त्यातलं जुनं काळं तेल विहिरीत सांडलंस, वर वालाची उसळ खाऊन तोंड पुसून गेलास. आणि धीर कसला देतोस, तर "दोन दिस थांब, बसंल तळाला." गॅरेजात जन्म घालवलास, कमळू! तेल तळाला बसत असतं तर कालवणावर तर्री दिसली असती का? भातसा धरणाचं पाणी जातं मुंबईला; आम्हाला ही एकच विहीर. ती ह्यांनी स्वतः पहारीने खोदली. पाणी लागलं तेव्हा पहिला तांब्या तुला दिला होता. ते गेल्यापासून बादली सोडायच्या आधी मी पाण्यात डोकावून त्यांना सांगते, उठले म्हणून. आता डोकावलं की काळं तोंड दिसतं, तेही माझंच.

तुझी बाय

ता. क. गोजरभाऊंची माफी तू मागायचीस, बांधावर उभा राहून, ओरडून. मीही ओरडूनच बोलले होते.

आणखी एक. इंजिन अजून चालू होत नाही. शनिवारी ये. डबा आणू नकोस.

एक राहिलं. त्याच सुकटीच्या कागदावर खाली लिहिलं होतं, लोकर तेल ओढून घेते. घरात लोकरीचं एकच. मंगळवारी मी ह्यांची घोंगडी पेटीतून काढली आणि पाण्यावर अंथरली.